वीर जवानाला नाव असतं

काजूची बोंडं पिकून जमिनीवर पडायला लागली की आमच्या वाडीला एक वास येतो. गोड म्हणावा तर आंबूस, आंबूस म्हणावा तर थेट डोक्यात चढणारा. अंगणात, पडवीत, वाळत घातलेल्या कपड्यांत, अगदी उशीच्या अभ्र्यातसुद्धा तो शिरतो. पाहुणे पहिल्या दिवशी नाक मुरडतात आणि तिसऱ्या दिवशी बोंडांचा रस मागून घेतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मलाही तो वास फार आवडायचा.

आता तो आला की मला राग येतो.

यंदाही आला. होळीनंतर ऊन तापलं, झाडं लाल-पिवळी झाली, पोरीबाळी टोपल्या घेऊन बागेत शिरल्या आणि मी सकाळी मागचं दार उघडलं तो वास दारातच उभा. लोक म्हणतात, काळ गेला की राग निवतो. माझा निवत नाही. खरं सांगायचं तर तो निवावा अशी माझी इच्छाही नाही. काही राग जपून ठेवावेत असेच असतात. हा त्यातला आहे, आणि तो एका माणसाच्या शेवटच्या वाटेचा आहे.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो, हवालदार शांताराम धुरी. उमेदीची सगळी वर्षं पायदळात काढून ते गावी आले आणि घरामागच्या उघड्या उतारावर काजू लावला. त्या जमिनीत काही होणार नाही असं सगळी वाडी सांगत होती. मामंजींनी कुणाशी वाद घातला नाही. खड्डे खणले, आणि रोपं अशी ओळीत लावली की आजही बागेच्या टोकाला उभं राहिलं तर पहिल्या झाडाआड बाकीची सगळी झाडं लपतात. बैलांशी ते हिंदीत बोलत. "दाहिने चल! थम!" बैल थांबायचेही. सासूबाई हसून म्हणायच्या, "बैलांकव फौजेत भरती केल्यानी!"

लढाईबद्दल मात्र कधी बोलले नाहीत. मी एकदा विचारलं होतं. भाताची उकड फुंकरत म्हणाले, "थंय थंडी भारी होती, बाय." बस्स. एकाहत्तर सालच्या आघाडीवर गेलेला, पायात लोखंडाचा तुकडा घेऊन परतलेला माणूस, आणि सगळ्या लढाईचं वर्णन काय, तर थंडी.

पण वर्षातून दोनदा मी त्यांना चिडलेलं बघितलं आहे. सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी आणि पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी. त्या सकाळी ते पिशवी घेऊन किनाऱ्यावर जायचे. तारकर्लीच्या बाजूला हॉटेलं झाली, तंबू झाले, पाण्यातल्या गाड्या आल्या, आणि झेंडे आले. कागदाचे, प्लास्टिकचे, काडीला चिकटवलेले. आदल्या दिवशी गालावर तिरंगा रंगवून फोटो काढलेली माणसं निघून जात आणि झेंडे वाळूत राहात, शहाळ्यांच्या कवट्यांत, चिप्सच्या पाकिटांत. मामंजी एकेक उचलत, ओलं असेल तर सदऱ्याला पुसत. घरी आले की जेवेपर्यंत कुणाशी बोलत नसत. तो त्यांचा राग. आवाज नसलेला. मला तो वारशात मिळाला, पण माझ्याकडे येताना त्याला आवाज फुटला.

वामन गुरुजींना मामंजींनी पहिल्यांदा बघितलं ते मालवणात, एका जुन्या सोबत्याच्या अंत्ययात्रेत.

गुरुजी फौजेत धर्मगुरू होते. पुष्कळांना ठाऊकच नसतं की फौजेत असा हुद्दा असतो. पलटणीत एकाच छपराखाली देव्हारा असतो, क्रूस असतो, कुराण असतं, आणि तिथला गुरुजी, पाद्री किंवा मौलवी हा सगळ्या पलटणीचा असतो. जवानाला घरची आठवण आली, तार आली, भीती वाटली की तो त्याच्याकडे जातो. आणि जवान गेला की शेवटचे शब्द हाच बोलतो. एकदा बर्फात रस्ता बंद होता, पाद्रीला वर पोचता येईना आणि एक ख्रिस्ती पोरगा गेला होता. तेव्हा गुरुजींनी दुसऱ्या एका जवानाकडून प्रार्थना शब्द न् शब्द ऐकून पाठ केली आणि स्वतः म्हटली. "उच्चार चुकले असतले," ते मला एकदा म्हणाले होते, "पण तेका कोणी बोलल्याशिवाय कसा धाडूचा?"

निवृत्त होऊन ते ओरोसच्या पलीकडे आपल्या गावी आले. पहिल्याच वर्षी शेजारचा एक म्हातारा फौजी वारला. खांदा द्यायला माणसं जेमतेम, त्यातली निम्मी घड्याळाकडे बघणारी. चिता पेटली आणि सगळे पांगले. त्याच्या नावाचा एक शब्द कुणी उच्चारला नाही. सेवेत असताना माणूस गेला तर पलटणीची गाडी येते, बंदुका उलट्या होतात, आणि ते योग्यच आहे. पण निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनी, कोकणातल्या एका वाडीत, खाटेवर खोकत खोकत गेलेल्या माणसासाठी घाट उतरून कोण येणार? छावण्या सगळ्या घाटावर. गुरुजींनी ठरवलं, कोणी येत नाही तर आपण जायचं.

त्यांना जोडीदार मिळाला इनास. मालवणचा, फौजेच्या बँडमध्ये बिगूल वाजवलेला. काळासावळा, पोट सुटलेला, गमत्या माणूस, पण बिगूल ओठाला लावला की त्याचा चेहरा दगडाचा होई. दोघं इनासच्या जुन्या स्कूटरवरून जिल्हाभर फिरत. हिंदू असो, ख्रिस्ती असो, मुसलमान असो. चर्चमधले विधी फादर करत, दफनाची दुवा मौलवी मागत. गुरुजी बाजूला हात जोडून उभे राहात आणि सगळं आटोपल्यावर पुढे होत. माणसाचं पूर्ण नाव, हुद्दा, पलटण, किती वर्षं कुठे कुठे राहिला, एवढंच सांगत. मग क्षणभर शांतता. मग इनासचं बिगूल. मग सॅल्यूट. कुणी बोलावलं म्हणून नाही, कुणी नेमलं म्हणून नाही.

मालवणातून त्या दिवशी परत आल्यावर मामंजींनी आंघोळ केली आणि पडवीत येऊन बसले. म्हणाले, "बाय, माझ्या येळाक गुरुजींक कळव. भाषण नको. हार नको. माझा नाव नि पलटण तेवढी नीट सांगूदे."

मी म्हटलं, "असं काय बोलता हो, मामंजी?"

"कित्या? मी काय मरूचंय नाय?" आणि ते हसले.

त्या चैत्रात ते गेले. दुखणं नाही, दवाखाना नाही. सकाळी चहा पिऊन बागेत गेले, झाडाखाली बसून बोंडांची बी पिळून वेगळी करत होते. मी पेज घेऊन गेले तर खोडाला टेकून बसलेले, मांडीवर अर्धी भरलेली टोपली, बोटांना रस. मला आधी वाटलं डुलकी लागली.

माझा नवरा बोटीवर असतो. त्या दिवशी तो कुठल्याशा दूरच्या समुद्रात होता, येणं शक्यच नव्हतं. फोनवर त्याने एवढंच विचारलं, "गुरुजींका कळवलंस?"

कळवलं होतं. दुपार कलायच्या आत स्कूटर अंगणात आली. गुरुजी पांढऱ्या शुभ्र सदऱ्यात, छातीवर पदकं. इनासच्या खांद्याला पिशवीत बिगूल. मामंजींचा पुतण्या मोहन, त्याच्या एका मित्राने कुठूनसा मोठा तिरंगा आणला होता, मामंजींवर घालायला. गुरुजींनी तो दोन्ही हातांनी घेतला, नीट घडी केली आणि त्याच्या हातात परत दिला.

"ह्यो नाय घालूचो, बाबा. सरकारी इतमाम असलो तरच तिरंगो. कायदो आसा तसो."

"पण गुरुजी, ते लढाईत होते ना!" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"होते म्हणानच सांगतंय. ज्या माणसान जलमभर झेंड्याचो नियम पाळलो, तेच्यार नियम मोडून झेंडो घालूचो?"

मग मी आतून मामंजींचं फौजी कांबळं आणलं, चाळीस वर्षं पांघरलेलं, कडा विरलेल्या. ते त्यांच्या अंगावर घातलं आणि त्यावर पदकं ठेवली. मला तो नियम कळला होता, पटलाही होता, आणि तरी गिळवत नव्हता. कारण मला ठाऊक होतं, त्याच वेळी किनाऱ्यावरच्या कितीतरी टपऱ्यांवर तो झेंडा शीतपेयांच्या जाहिरातीशेजारी उन्हात विटत लटकलेला असणार. तिथे कायदा जात नाही. तो इथे येतो, जिथे माणसं तो पाळतात.

निघताना नानांनी, आमच्या भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी, मला अडवलं. "सूनबाय, बायलमाणसां मसणात जायनत नाय."

मी काही बोलायच्या आत गुरुजी म्हणाले, "नाना, सलामी घेवक घरचा माणूस उभा रवाक होया. झील दर्यार आसा. सून घरात आसा. मगे तीच येतली."

नाना बाजूला झाले. मी चपला घातल्या आणि निघाले.

आमच्या वाडीची स्मशानभूमी समुद्राकडेला आहे, सुरूच्या झाडांत. तिकडे जायची वाट माडांच्या बागेतून. माझ्या सासूबाई त्याच वाटेने गेल्या, त्यांच्या आधी आमचे सगळे पूर्वज त्याच वाटेने गेले. ती बाग आता बाबलची. बाबल आमच्याच वाडीतला, मामंजींच्या हाताखालून पोहायला शिकलेला. त्याने बागेत रिसॉर्ट बांधलं तेव्हा आम्हाला बरंच वाटलं होतं. गावातला पोर गावात राहिला. मग कुंपण आलं. मग वाटेवर लोखंडी फाटक आलं. "गुरांक आडावक," तो म्हणाला होता. फाटकाच्या एका बाजूला हातात बंदूक घेतलेल्या सैनिकाचं मोठं चित्र, खाली ‘आम्हाला अभिमान आहे’, आणि त्याच्याही खाली सैनिकांना विशेष सवलतीची पाटी.

आम्ही पोचलो तेव्हा फाटक बंद होतं आणि आतून गाणी ऐकू येत होती. माडांमध्ये मांडव, झेंडूच्या माळा, पिवळ्या कपड्यांतली माणसं. कुणा मुंबईकरांच्या घरची हळद होती.

बाबल धावत आला. "वयनी, आजचो दिवस मोठ्या रस्त्यान जावा. पाया पडतंय. लगीन आसा हयसर."

मोठ्या रस्त्याने म्हणजे सगळ्या वाडीला वळसा, तापलेल्या डांबरावरून, म्हाताऱ्या माणसांच्या खांद्यावर.

"आमी पाच मिनटात जातो, बाबल. गाणी बंद करूकव सांगणत नाय."

"तसा नाय वयनी. शुभकार्यात मढा समोरसून कसा न्हेतलात? माणसां काय म्हणतली? आणि ता वाजवचा..." त्याने इनासच्या पिशवीकडे बघितलं, "ता तर नकोच."

"बाबल, तुझो बापूस खंयच्या वाटेन गेलो?"

तो खाली बघू लागला. "तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

वेगळी कशी? बापूस वेगळा होता की वाट वेगळी होती? मी विचारणार होते, पण मागे वळून बघितलं. पाठीमागे खांदेकरी ताटकळलेले, नाना घामाने डबडबलेले, आणि माझ्या सासऱ्यांची तिरडी एका सैनिकाच्या चित्रासमोर अडकलेली. चित्रातला सैनिक तरणाबांड, गोरा, हसरा. खरा म्हातारा, काळा, विरलेल्या कांबळ्याखाली. चित्राला आत जागा होती. खऱ्याला नव्हती.

गुरुजींचा आवाज जरासुद्धा चढला नाही. म्हणाले, "खाली ठेवा. आजचो विसावो हयसरच."

तिरडी फाटकासमोर जमिनीवर ठेवली. वाटेत विसावा घ्यायचा असतोच, त्यात कुणाला बोट दाखवायला जागा नव्हती. गुरुजी मामंजींच्या पायांशी ताठ उभे राहिले. दोन श्लोक म्हटले. मग, गाणी चालू असताना, त्या ढणढणाटात, त्यांनी सांगायला सुरुवात केली. "हवालदार शांताराम केशव धुरी. पायदळ." पलटण कुठली, कुठे भरती झाले, कुठल्या बर्फात राहिले, कुठल्या आघाडीवर जखमी झाले. मी या घरात इतकी वर्षं काढली, यातल्या अर्ध्या गोष्टी मला त्या फाटकासमोर कळल्या. मग गुरुजी थांबले, आणि इनासने बिगूल काढलं.

ते सूर मी शब्दांत सांगणार नाही. एवढंच सांगते की तिसऱ्या-चौथ्या सुराला आतली गाणी बंद झाली. बाबलने बंद केली नाहीत. गाणी लावणाऱ्या माणसाने आपणहून बटण दाबलं. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. बिगूल संपलं तेव्हा पिवळ्या कपड्यांतली सगळी माणसं उभी होती.

एक गृहस्थ फाटकापाशी आले, कपाळाला हळद लागलेली. नवरीचे वडील. त्यांनी मला विचारलं, "कोण गेलं, ताई?"

"माझे सासरे. फौजेत होते."

ते बाबलकडे वळले. "अहो, उघडा ना फाटक. आम्ही कधी नको म्हटलं?"

हे वाक्य मला अजून टोचतं. त्यांनी कधी नको म्हटलंच नव्हतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. बाबलने त्यांच्या वतीने आमची लाज वाटून घेतली होती.

फाटक उघडलं. आम्ही झेंडूच्या माळांखालून गेलो. एका आजीने हात जोडले. नवरी, गालांना हळद, डोक्यावर पदर ओढून खाली बघत उभी होती. त्या पोरीचं नावसुद्धा मला माहीत नाही, पण ती जिथे असेल तिथे सुखात असो असं मला त्यानंतर कितीदा तरी वाटलं आहे. मोहनने अग्नी दिला. त्याआधी गुरुजींनी कांबळं काढून घडी घातली, त्यावर पदकं ठेवली, आणि माझ्यासमोर येऊन सॅल्यूट केला. मला सॅल्यूट कसा स्वीकारायचा ते ठाऊक नव्हतं. मी नुसते हात पुढे केले. कांबळ्याला काजूचा वास येत होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी बाबलला माफ केलं असतं. गर्दीत, गडबडीत, धंद्याच्या भीतीने माणूस चुकतो.

दहाव्याच्या दिवशी मुंबईच्या एका नातेवाइकाने मला व्हिडिओ पाठवला. वर लिहिलं होतं, ‘किती छान माणसं आहेत तुमच्याकडे!’ मी उघडून बघितलं. माडांच्या शेंड्यांवरून, बहुधा लग्नासाठी आणलेल्या उडत्या कॅमेऱ्यातून घेतलेलं चित्रण. झेंडूच्या माळांखालून जाणारी तिरडी, उभी राहिलेली माणसं, पाठीमागे निळा समुद्र. बिगुलाचा आवाज काढून टाकून त्या जागी एक देशभक्तीचं गाणं घातलेलं. आणि खाली ओळ: ‘आमच्या रिसॉर्टतर्फे एका वीर जवानाला अखेरची मानवंदना.’ त्याखाली बुकिंगसाठी संपर्क करा.

मी तशीच उठले. दहाव्याची माणसं जेवत होती, हातातली पळी ठेवून मी सरळ रिसॉर्टवर गेले.

बाबल कार्यालयात होता. मला बघून उठलाच. "वयनी! बघितलंस? हजारो लोकांनी बघल्यानी. मामांचा केवढा नाव झाला!"

"खंयचा नाव?"

"म्हणजे?"

"नाव दाखव माका. तुझ्या त्या व्हिडिओत शांताराम धुरी ह्या नाव खंय आसा?"

त्याने फोन हातात घेतला, वरखाली केला. नाव नव्हतंच. "अगो, वीर जवान लिवलंय मां..."

"वीर जवान कोण? तुका पोहूक कोणी शिकवल्यान? वीर जवानान? की शांताराम धुरीन?"

त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. मी पुष्कळ बोलले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. रडत नव्हते. मला वाटतं तो त्यानेच घाबरला, मी रडले असते तर त्याला सोपं गेलं असतं.

व्हिडिओ त्याने संध्याकाळी काढला. फाटक मात्र तसंच होतं. पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. आमच्या ग्रामसभेत बायका बसतात, बोलत नाहीत. मी म्हटलं, ही वाट कुणाच्या मेहेरबानीची नाही. इथे बसलेल्या प्रत्येकाला एक दिवस तिथूनच जायचंय, फाटक बंद असेल तर काय करणार ते आजच ठरवा. आधी हसू आलं, मग कुणी हसेना. नाना उठले, ज्यांनी मला स्मशानात जाऊ नको म्हटलं होतं ते नाना, आणि म्हणाले, "तिचा बरोबर आसा. फाटक काढ रे बाबल." मग इतर बोलू लागले. पावसाआधी फाटक निघालं.

निघालं म्हणजे काय, ऐका. बाबलने त्या वाटेवर रंगीत फरशा बसवल्या आणि तोंडाशी सुबक पाटी लावली: ‘सूर्यास्त पथ’. पाहुणे तिथे उभे राहून फोटो काढतात. ती वाट कुठे जाते हे पाटीवर लिहिलेलं नाही. आमची माणसं त्या फरशांवरून जातात, खांद्यावर आपापलं माणूस घेऊन, सूर्यास्त पथाने. मी या पाटीबद्दल भांडले नाही. वाट मोकळी आहे ना, मग बोर्ड काय हवा तो लाव. पण दर वेळी तिथून जाताना दात आवळले जातात.

मला शब्दांचाच राग आहे, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. वीर. अमर. अभिमान. मानवंदना. हे शब्द इतके मोठे झालेत की त्यांच्याआड खरा माणूस अख्खा झाकला जातो, आणि झाकावा म्हणूनच ते वापरतात की काय असं वाटतं. वीर जवानाला गुडघेदुखी नसते. त्याला दवाखान्याच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. पेन्शनसाठी आपण जिवंत आहोत हे दरवर्षी कुणाला तरी दाखवून यावं लागत नाही. तो बैलांशी हिंदीत बोलत नाही. वीर जवान चित्रात हसतो आणि कुणाकडे काही मागत नाही. शांताराम धुरीने मागितलं होतं: नाव आणि पलटण. आणि एवढं साधं मागणं पुरं करायला या एवढ्या अभिमानी मुलखात दोन म्हाताऱ्यांना स्कूटरवरून यावं लागलं.

हे सगळं मी गुरुजींना सुनावलं होतं, गेल्या दिवाळीच्या सुमारास, ते घरी आले तेव्हा. जणू त्यांचाच दोष. म्हटलं, "तुम्हाला राग कसा येत नाही? त्या दिवशी फाटकाशी तुम्ही एक शब्द बोलला नाहीत बाबलला."

गुरुजी चहाचा घोट घेऊन म्हणाले, "येता गो. पण थंय मी भांडूक गेललंय नाय. शांतारामाक पोचवूक गेललंय. दोन कामां एका टायमाक माका जमनत नाय."

मग कपबशी खाली ठेवून म्हणाले, "तुका जमतली. आमच्यावांगडा ये."

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते गंभीर होते. त्यांच्या घशाला काहीतरी झालं होतं, बोलताना आवाज मध्येच विरायचा. इनास बाजूला बसून मान हलवत होता. "ये गो बाय. गुरुजी आता बोलतत ता माकाच आयकाक येणा नाय, मी बिगूल कधी वाजवू ता कळणा नाय." आणि स्वतःच मोठ्याने हसला.

मी सहा महिने त्यांच्याबरोबर नुसती गेले. उभी राहिले, बघितलं. बायामाणसांना सांभाळलं, कुणाला पाणी दिलं. लोकांनी आधी कुजबुज केली, मग सवय झाली. गुरुजी परततानाच्या वाटेवर चुका सांगायचे: नावाआधी थांब. गावाचं नाव गाळू नको. रडणाऱ्याकडे बघू नको, नाहीतर तू पण रडशील. पण स्वतः पुढे होऊन बोलायची पाळी माझ्यावर आली नव्हती.

ती आली यंदा, याच हंगामात, गेल्या पंधरवड्यात. विजयदुर्गाच्या बाजूला, खाडीवरच्या एका वाडीत. तोफखान्यातले नाईक भिकाजी तोरसकर. ऐंशी उलटलेले. मुलगा, सून, नातवंडं, शेजारी, अंगण भरलेलं. मागच्या उतारावर काजू पिकलेला, तोच वास, आणि तोच जुना राग. गुरुजींनी श्लोक म्हटले, जेमतेम ऐकू येतील असे. मग ते एक पाऊल मागे सरले आणि माझ्याकडे बघितलं.

मी पुढे झाले. इतकी वर्षं मनातल्या मनात ओरडत आले, आणि आता तोंड उघडलं तर आवाज घशातून बाहेर येईना. "नाईक भिकाजी..." माझं मलाच ऐकू आलं नाही.

त्यांची बायको उशाशी बसली होती. लहानखुरी म्हातारी, नऊवारी, तोवर डोळ्यांतून टिपूस न काढलेली. तिने मान वर केली.

"अगो बाय," ती म्हणाली, "जरा जोरान सांग. तोफांनी तेचे कान गेलेले. हळू बोललेला तेका आयकाक येणा नाय."

कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी हसलं, बहुतेक एकाच माणसाने दोन्ही केलं. मी छाती भरून श्वास घेतला. आणि सांगितलं. नाईक भिकाजी रामा तोरसकर, तोफखाना. असं सांगितलं की माडांवरचे कावळे उडाले, खाडीच्या पलीकडे होडी ओढणारी माणसं हातचं काम थांबवून इकडे बघू लागली.

म्हातारी नवऱ्याच्या तोंडाकडे वाकून बघत होती. मग तिने त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"हां," ती म्हणाली. "आता आयकल्यान."